द्रुपदाबाईचा माईक

सेलूत पहिल्यांदा ऐकलं तिला,
तेव्हा मी नुसत्या वायरी गुंडाळायचो.
अफसरमामूंनी मला मिक्सरवर बसवलं
आणि ते पान खायला गेले.
द्रुपदाबाई घनसावंत. पेटी मांडीवर,
पेटीवर स्वतःच्या गाण्यांची वही, वहीवर दगड.
तिनं तोंड उघडलं
आणि मला वाटलं, वायर तुटली कुठंतरी.

पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत
तसलं काहीतरी. वर गेला की फाटायचा,
खाली आला की नुसती हवा.
मी ट्रेबल कमी केला. बेस दिला.
तरी भागेना, म्हणून एको सोडला एवढा
की एका शब्दाचे चार झाले
आणि चारातला एकही कळेना.
समोरची माणसं डुलायला लागली.
मला वाटलं, जमलं.

कार्यक्रम संपल्यावर ती मिक्सरपाशी आली,
बटणांकडं बघत राहिली,
बांगड्यांच्या दुकानात बघावं तशी.
"बाबा, माझा आवाज कोणत्या बटणाखाली ठेवलाय?"
रागावली नव्हती. खरंच विचारत होती.
मामू हसले, म्हणाले,
"काय को धोता रे उसको. मैला नहीं है वो."

मानवतच्या जिनिंगात तिनं अकरा वर्षं काढलेली.
हे कळल्यावर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं:
सरकीची धूळ, कापसाचं तूस,
गेला बिचारीचा गळा.
कीव आली की ऐकणं सोपं जातं.
बोरीच्या फाट्यावर चहा पिताना तिला तसं बोललो,
तर म्हणाली, "जिनिंगाचा काय संबंध?
पाळण्यात रडायचे तेव्हाही असाच होता.
माय म्हणायची, बघा गं, कोण लाकूड चिरतंय."
आणि बिस्कीट बुडवून खाल्लं.

पुढं दोन वर्षं जिंतूर, पूर्णा, वसमत,
एप्रिलात तर रोज एक गाव.
टेम्पोतला स्पीकर फाटलेला.
त्यात गोड गळ्याचे सगळे बुडायचे,
बासरी तर हाती लागायचीच नाही.
एकदा येलदरीच्या चढावर पेनड्राइव्ह बदलला,
हिचं गाणं लागलं,
आणि त्या फाटक्या कागदातून
शब्द न् शब्द बाहेर आला, न धुतलेला:

"माशी बसली काट्यावर गं,
तिचंबी वजन कापलं माझ्यातून"

हे गाणं मी चाळीसेक वेळा वाजवलं होतं.
काट्यावर माशी आहे, हे मला माहीत नव्हतं.
टेम्पो बाजूला घेतला असं सांगायला बरं वाटलं असतं,
पण मागून एसटी होती, चढ होता,
मी गिअर टाकला आणि हसलो,
आणि मग मोंढ्यापर्यंत हसलो नाही.

तेव्हापासून तिच्या फाटण्यावर कान ठेवून असतो.
तिला माहीत असतं कुठं फाटणार.
तिथं ती "माय" ठेवत नाही, "लेकरू" ठेवत नाही.
"मुकादम" ठेवते.

सुरेल आहे, असं मी अजून म्हणत नाही.
घरी लावलं की बायको दार ओढून घेते,
शेजाऱ्यांना वाटेल आपलं भांडण चाललंय.
चुकीचं बोलत नाही ती.

मामूंना आता फारसं ऐकू येत नाही.
पस्तीस वर्षं बॉक्सच्या शेजारी उभं राहिल्यावर
दुसरं काय होणार.
ते फळीवर तळहात टेकवून बसतात.
बाकीचे गातात तेव्हा हात तसाच.
द्रुपदाबाई लागली की उचलतात,
शर्टाला पुसतात, पुन्हा ठेवतात.

वहीतल्या तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे,
पेटी काळी दोनला असते
आणि बाई भलतीकडंच कुठंतरी.
दर वेळी. मी सांगूनही पाहिलं,
"व्हय का?" म्हणाली, आणि पुन्हा तेच.
आधी मी तिथं तिचा माईक दाबायचो,
पेटीच्या आड लपवायचो तिला.
आता ती जागा यायच्या आधीच
बोट नेऊन ठेवतो पट्टीवर
आणि सरकवतो. जरासं. वर.